कल्पवृक्ष, नाणे आणि लोभ
(पर्युषण पर्वातील व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील या व्याख्यानासाठी जो विषय निवडला आहे, तो प्रथमदर्शनी धर्मसभेपेक्षा अर्थशास्त्राच्या वर्गात शोभावा असा वाटेल. मनुष्यमात्राच्या अन्न, वस्त्र, निवारा या गरजा विनासायास भागू लागल्या, कोणालाही कशाचीच वाण उरली नाही, तर पैशाचे मोल काय राहील आणि माणसाच्या लोभाचे काय होईल, हा तो प्रश्न होय.

जॉन मेनार्ड केन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९३० साली आपल्या एका निबंधात याच प्रश्नाचा ऊहापोह केला होता. शंभर वर्षांत उत्पादन इतके वाढेल की मनुष्याला आठवड्यातून पंधरा तास काम केले तरी पुरे होईल, आणि धनसंचयाची हाव ही त्या काळी सद्गुण न मानता एक प्रकारची व्याधी मानली जाईल, असे भाकीत त्याने केले. ती शंभर वर्षे २०३० साली पूर्ण होत आहेत. यंत्रे केन्सच्या कल्पनेपलीकडे गेली, संगणक लिहू-वाचू लागला. परंतु हाव व्याधी मानली गेल्याचे कोठे दिसत नाही. भाकिताचा अर्धा भाग बराचसा खरा ठरला आणि उरलेला अर्धा का ठरला नाही, याचे उत्तर जैन शास्त्रांत फार पूर्वीच सापडते.

भोगभूमी

अवसर्पिणी काळाच्या पहिल्या तीन आऱ्यांचे वर्णन प्रत्येक श्रावकाने ऐकलेले असते. त्या काळात युगलिक मनुष्ये राहत. शेती नव्हती, व्यापार नव्हता, राजा नव्हता. दहा प्रकारचे कल्पवृक्ष सर्व गरजा भागवीत. भृतांग वृक्ष भांडी देत, चित्ररस वृक्ष भोजन देत, मण्यंग अलंकार देत, गेहाकार निवारा देत आणि अनग्न नावाचे वृक्ष वस्त्रे देत. मागावे आणि मिळावे, अशी ती व्यवस्था होती. आजच्या भाषेत ज्याला टंचाईमुक्त समाज म्हणतात, त्याचे याहून संपूर्ण चित्र जगाच्या वाङ्मयात क्वचितच आढळेल.

या वर्णनात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तेथे नाणे नाही. जे एकाजवळ आहे आणि दुसऱ्याजवळ नाही, त्याची देवघेव करण्यासाठी नाणे लागते. सर्वांजवळ सर्व असेल तेथे विकणारा कोण आणि घेणारा कोण? नाणे ही विपुलतेची खूण नसून उणिवेची खूण आहे, हे सत्य येथे सहज उलगडते.

पुढे काळाच्या प्रभावाने कल्पवृक्षांचे देणे कमी होऊ लागले, तसे 'हा वृक्ष माझा' अशी भाषा सुरू झाली. कलह वाढले. आदिपुराणातील कथनानुसार सीमंकर आणि सीमंधर या कुलकरांना कल्पवृक्षांच्या सीमा आखून द्याव्या लागल्या. हाकार, माकार आणि धिक्कार अशा तीन दंडनीती एकामागून एक आल्या. म्हणजे प्रारंभी नुसते 'हा!' म्हटले तरी माणूस लाजत असे, नंतर 'करू नको' म्हणावे लागले आणि अखेरीस धिक्कार करूनही भागेना. तेव्हा प्रथम तीर्थंकर भगवान ऋषभदेवांनी असी, मसी आणि कृषी यांचे शिक्षण दिले, शिल्प आणि वाणिज्य शिकविले. मसी म्हणजे शाई. व्यापाऱ्याची चोपडी ज्या शाईने लिहिली जाते, ती शाई कल्पवृक्ष आटल्यानंतरच जन्माला आली.

मोल कशाचे?

वस्तूचे मोल तिच्या उपयुक्ततेवर ठरत नाही, हे ॲडम स्मिथने १७७६ साली पाणी आणि हिरा यांच्या उदाहरणाने मांडले. रत्नागिरीकरांना त्यासाठी इंग्रजी ग्रंथ उघडण्याची आवश्यकता नाही. या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आषाढात जे पाणी पन्हळीतून वाहून जाताना कोणी पाहतही नाही, त्याच पाण्यासाठी वैशाखात वाड्या-वाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. हंगामाच्या आरंभी वाशीच्या बाजारात पोहोचणाऱ्या हापूसच्या पहिल्या पेट्यांचे भाव वर्तमानपत्रांत छापून येतात. मे महिन्याच्या अखेरीस त्याच कलमांचा आंबा कॅनिंगसाठी किलोवर जातो. कलम तेच, माती तीच आणि गोडीही तीच. बदलते ती केवळ आवक.

हिऱ्याची कथाही आता पाण्याच्या वाटेने चालली आहे. जैन व्यापाऱ्यांचा या धंद्यातील वाटा सर्वज्ञात आहे. प्रयोगशाळेत तयार होणारा हिरा रासायनिक दृष्ट्या खाणीतील हिऱ्याहून वेगळा नाही. त्याचे उत्पादन वाढताच गेल्या काही वर्षांत त्याचा भाव फार खाली आला. तेव्हा ग्राहक हिऱ्याचे तेज पाहण्याऐवजी तो खाणीतला असल्याचे प्रमाणपत्र पाहू लागला. तेज विपुल झाले, म्हणून इच्छा तेजावरून उठून कागदावर जाऊन बसली.

रत्नांचे मोल त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या सत्तेवरही किती अवलंबून असते, हे या शहराने प्रत्यक्ष पाहिले आहे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ साली बंदी म्हणून रत्नागिरीत आणला गेला आणि १९१६ साली येथेच निवर्तला. माणकांच्या खाणींचा तो धनी. परंतु येथे संसाराचा खर्च भागविण्यासाठी त्याला जवळची रत्ने विकावी लागली. राज्य असताना जी माणके वैभवाची चिन्हे होती, ती राज्य गेल्यावर घासाघीस करून विकण्याचा माल झाली. थिबा राजवाडा पाहावयास येणाऱ्यांनी या गोष्टीचे अवश्य चिंतन करावे.

खुद्द नाण्याची स्थिती तरी काय आहे? १८३५ साली ठरलेला रुपया एक तोळा वजनाचा होता आणि त्याच्या बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी होती. १९४० साली चांदी निम्म्यावर आली. १९४७ साली रुपया निकेलचा झाला. चार आण्यांचे नाणे २०११ साली चलनातून बाद झाले. १९४६, १९७८ आणि २०१६ अशी तीन वेळा मोठ्या मूल्याच्या नोटांची मान्यता रद्द झाली. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्री पाचशे व हजाराच्या नोटांचे चलनमूल्य संपले. कागद तोच, त्यावरील अंक तोच. केवळ त्यामागील वचन मागे घेतले गेले होते. रिझर्व्ह बँकेच्या हिशेबाप्रमाणे त्या नोटा १५.४१ लाख कोटी रुपयांच्या होत्या आणि त्यांपैकी १५.३१ लाख कोटींच्या परत आल्या. नोटा बदलल्या, लोभ बदलला नाही. आज तर कागदही मागे पडत असून भाजीच्या दुकानातही मोबाइलवर अंक इकडून तिकडे जातात. ज्या वस्तूसाठी मनुष्य झोप घालवितो, तिला आता हाताने स्पर्शही करता येत नाही.

कापडाची साक्ष

टंचाई संपली म्हणजे लोभ संपतो का, याची परीक्षा घेण्यासाठी भविष्यकाळाची वाट पाहण्याचे कारण नाही. एका वस्तूच्या बाबतीत टंचाई संपलेली ज्येष्ठ मंडळींनी एका आयुष्यात पाहिली आहे. ती वस्तू म्हणजे कापड.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, कापडावर सरकारी नियंत्रण आले. गिरणीतून निघणाऱ्या कापडावर भाव छापला जाऊ लागला, कापड शिधापत्रिकेवर मिळू लागले आणि काळा बाजार हा शब्द घराघरांत पोहोचला. जानेवारी १९४८ मध्ये नियंत्रण उठले, भाव भडकले आणि त्याच वर्षी ते पुन्हा लागू करावे लागले. त्या काळी कोकणातील घरात नऊवारी लुगड्याचे आयुष्य फार मोठे असे. ते विरले की धडका भाग कापून मुलीचा परकर होई, उरलेल्यातून बाळाचे झबले आणि दुपटे निघे, त्यानंतर गोधडी शिवली जाई आणि शेवटच्या चिंधीचा काकडा होऊन दिव्यात जळे. मुंबईचा चाकरमानी गणपतीला गावी येताना एक धोतरजोडी घेऊन आला, तर वाडीभर ती गोष्ट होई.

पुढे टेरिलीन आले. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांनी आणि सुरतेच्या कृत्रिम धाग्याने बाजार भरून गेला. तयार कपड्यांनी शिंप्याची वाट बंद केली. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण एकेकाळी दारोदार फिरत असे. पैशावाचून चालणारा तो एक व्यापारच होता. आज ती क्वचितच दिसते. कारण उघड आहे. जुन्या कपड्याला स्टीलच्या वाटीइतकेही मोल उरले नाही. पुष्कळ घरांत जुने कपडे द्यावयाचे कोणाला, हाच प्रश्न पडलेला असतो. अनग्न कल्पवृक्ष रामआळीत उभा राहिला, असे म्हटले तरी चालेल.

मग कापडाचा लोभ संपला का? अंग झाकण्यासाठी असणारी हाव निश्चितच संपली. परंतु तिच्या जागी दुसरी आली. पूर्वी 'कापड मिळेल का?' असा प्रश्न होता. आता 'तिच्याजवळ आहे तशी साडी मिळेल का?' असा आहे. पूर्वी सूत पाहिले जाई, आता कंपनीचे नाव पाहिले जाते. लग्नात एकदा नेसलेली साडी दुसऱ्या लग्नात नेसणे कमीपणाचे वाटते. वस्त्राची टंचाई गेली आणि वेगळेपणाची टंचाई निर्माण झाली. ही दुसरी टंचाई कोणतीही गिरणी भरून काढू शकत नाही. कारण जे सर्वांजवळ येते, ते वेगळे राहत नाही.

देवलोकातही लोभ

केन्सचे भाकीत येथेच चुकले. लोभ हा गरजेचा मुलगा आहे, म्हणून गरज मेली की तोही निराधार होईल, असे त्याने गृहीत धरले. जैन सिद्धांत असे मानीत नाही. लोभ हा कषाय आहे. तो आत्म्याला लागलेल्या कर्मातून उदय पावतो, वस्तूच्या अभावातून नव्हे. परंपरेने चार गतींत एकेका कषायाची प्रबलता सांगितली आहे. नारकीत क्रोध, तिर्यंचात माया, मनुष्यात मान आणि देवगतीत लोभ. ज्यांना कशाचीच उणीव नाही, ज्यांच्या विमानांच्या भिंती रत्नांच्या आहेत, त्या देवांत लोभ प्रबल असावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. अधिक ऋद्धी असलेल्या देवाचे वैभव पाहून कमी ऋद्धीचा देव झुरतो, असे शास्त्र सांगते. गुणस्थानांच्या क्रमातही सर्व कषायांच्या शेवटी जातो तो लोभच. सूक्ष्म रूपाने तो दहाव्या गुणस्थानापर्यंत राहतो.

येथे कोणी विचारील की मग युगलिकांमध्ये लोभ का नव्हता? शास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. ते स्वभावाने भद्र होते, त्यांचे कषाय मंद होते. वृक्षांच्या विपुलतेने त्यांना निर्लोभी केले नव्हते. आणि तरीही त्या भूमीतून मोक्ष नाही. तेथे व्रत नाही, संयम नाही. कारण सोडावे असे कोणाला वाटतच नाही. मोक्षाचा मार्ग कर्मभूमीतूनच जातो, जेथे चोपडी आहे, तराजू आहे, नफा-तोटा आहे. व्यापाऱ्याच्या दृष्टीने याहून आश्वासक वचन दुसरे नसेल. बाजारपेठ ही धर्माच्या आड येणारी जागा नसून धर्म कसाला लागण्याची जागा आहे.

पैशाने काय घेता येत नाही?

सर्व वस्तू विपुल झाल्या तरी एक गोष्ट सदैव दुर्मिळ राहील, ती म्हणजे अग्रमान. पहिली जागा एकच असते. म्हणून टंचाईमुक्त समाजात नाणे उरलेच, तर ते मान विकत घेण्यासाठी उरेल. याची छाया धर्मस्थानावरही पडू शकते, हे स्पष्ट बोलणे भाग आहे.

जिनमंदिरात चढाव्याची, उछामणीची जुनी परंपरा आहे. बोली रुपयांत न होता तुपाच्या मणात होत असे. आजही अनेक संघांत ती तशीच होते आणि प्रत्येक संघाने ठरविलेल्या नाममात्र दराने मणाचे रुपये केले जातात. या प्रथेने देवद्रव्याची वृद्धी झाली, शेकडो वर्षांच्या मंदिरांचे जीर्णोद्धार झाले, त्याबद्दल शंका नाही. तुपाच्या मापामागे मोठी मार्मिकता आहे. दिव्यात घातलेले तूप परत मागता येत नाही. ते जळते आणि प्रकाश सर्वांना मिळतो. बोली बोलणाऱ्याने त्या क्षणी स्वतःस एवढेच विचारावे, की आपण मूर्च्छा सोडीत आहोत की जागा विकत घेत आहोत? बोलीचा आकडा दोन्ही प्रसंगी सारखाच असतो. फरक संघाच्या वहीत उमटत नाही, कर्माच्या वहीत उमटतो.

पुणिया श्रावकाची कथा येथे आठवते. कापसाच्या पुण्या करून विकणारा तो गरीब श्रावक. रोजची मिळकत साडेबारा दोकडे. साधर्मिकाला जेवू घालता यावे म्हणून पती-पत्नी आळीपाळीने उपवास करीत. नरकगती टळावी म्हणून मगधसम्राट श्रेणिक त्याच्या एका सामायिकाचे फल विकत घ्यावयास गेला. पुणियाला किंमत ठाऊक नव्हती. ती भगवान महावीरांना विचारण्यात आली, तेव्हा सम्राटाचे सर्व वैभव त्या सामायिकाच्या दलालीलाही पुरणार नाही, असे उत्तर मिळाले. मगधाचे नाणे जगभर चालत असेल, पण अठ्ठेचाळीस मिनिटांच्या समभावापुढे ते खोटे ठरले.

मर्यादेचा आकडा

लोभ वस्तूंच्या विपुलतेने संपत नसेल, तर त्यास बांध कोणता? श्रावकासाठी पाचवे अणुव्रत, परिग्रहपरिमाण, हाच तो बांध होय. या व्रताचा आदर्श उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावक. त्याचे बारा कोटी हिरण्य होते. चार कोटी निधानात, चार कोटी व्यापार-व्याजात, चार कोटी घरसंसारात. चाळीस हजार गाई, पाचशे नांगर आणि दूरदेशी माल नेणारे पाचशे गाडे होते. भगवान महावीरांसमोर त्याने 'यापुढे अधिक नाही' अशी मर्यादा घेतली. एवढ्या धनवंताने वस्त्राची मर्यादा ठेवली ती केवळ एका सुती जोडीची. त्याने व्यापार सोडला नाही. वाढीची तहान सोडली. व्रत दरिद्री होण्याचे नाही, रेघ ओढण्याचे आहे.

रेघ ओढल्यावर ती चुकविण्याच्या युक्त्याही आचार्यांना ठाऊक होत्या. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात त्या सांगून ठेवल्या आहेत. धान्याचा सौदा बांधून ठेवणे आणि मुदत संपल्यावर ताब्यात घेणे. भांड्यांची संख्या तीच राहावी म्हणून दोहोंचे एक मोठे भांडे करणे. गाभण गाय एकच धरून वासरू न मोजणे. मधली भिंत पाडून दोन घरांचे एक घर म्हणणे. अधिक झालेले सोने दुसऱ्याकडे ठेवण्यास देणे. आठशेहून अधिक वर्षे लोटली, तरी यादी जुनी झाली नाही. दोन सदनिका जोडून एक करणे आणि दुसऱ्याच्या नावावर जमीन ठेवणे आजही चालूच आहे.

अनेकांची एक प्रामाणिक अडचण असते. रुपयाची किंमत घसरते, मग रुपयांत मर्यादा कशी घ्यावी? शंका रास्त आहे. भाववाढ दरसाल सहा टक्के धरली, तर सुमारे बारा वर्षांत रुपयाची क्रयशक्ती निम्मी होते. परंतु शास्त्रकारांनी परिग्रह रुपयांत सांगितलेलाच नाही. क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य, द्विपद, चतुष्पद आणि कुप्य असे नऊ प्रकार सांगितले आहेत. जमीन एकरांत, घरे संख्येत, सोने तोळ्यांत मोजावे. रोकड आणि ठेवी यांची मर्यादा घरखर्चाच्या वर्षांत ठेवता येईल. दहा वर्षांचा, पंधरा वर्षांचा, ज्याची त्याने ठरवावी. खर्चाचा आकडा मात्र साधा धरावा, नाही तर रेघ आपोआप पुढे सरकत राहील. नाणे बदलले, चलन बदलले, तरी असे व्रत ढळत नाही.

संस्थेला पन्नास वर्षे झाली. सुवर्ण म्हणजे कसोटीच्या दगडावर घासले तरी न बदलणारे द्रव्य. या महोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने एकत्र बसून, तरुण मुलांना आणि सुनांना बरोबर घेऊन, आपल्या मर्यादेचा आकडा एका कागदावर लिहावा. तो कोणाला दाखविण्याची आवश्यकता नाही. दाखविला तर त्याचीही बोली व्हायची. गुरुभगवंतांच्या साक्षीने पच्चक्खाण घ्यावे आणि मर्यादेबाहेर जे येईल ते सात क्षेत्रांत द्यावे. त्या सातांत शेवटची दोन क्षेत्रे श्रावक आणि श्राविका ही आहेत. एखाद्या साधर्मिकाच्या मुलीची फी राहिली आहे, एखाद्या वृद्धाचे औषध थांबले आहे, आणि तो संकोचाने बोलत नाही, अशी घरे कोणत्याही संघात असतात. विपुलता कितीही आली तरी ती आपल्या पायांनी त्या दारापर्यंत चालत जात नाही. कोणी तरी ती न्यावी लागते.

कल्पवृक्ष पुन्हा येतील, न येतील. काळचक्र आपल्या गतीने फिरेल. परंतु ज्याने 'पुरे' हा शब्द उच्चारला, त्याच्यापुरती टंचाई त्याच दिवशी संपली.

जिनाज्ञेविरुद्ध काही उच्चारले गेले असल्यास त्रिविधे मिच्छा मि दुक्कडम्. जय जिनेंद्र.